दुखत नाही, म्हणूनच बघा

दादाला घरी आणलंत, टाके सुकलेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता डिस्चार्ज कार्डावर मावत नाहीत त्या गोष्टी सांगते. तुझ्या या आत्याची हयात हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. तिथं मोठ्या सिस्टरांनी आम्हाला जे कानात सांगितलं, तेच आता तुझ्या आणि सूनबाईच्या कानात घालते. थोडं दादासाठी आहे, थोडं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. कामोठ्यात तुमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं सातारा-सांगलीकडची. कुणी माथाडी, कुणी ड्रायव्हर, कुणी दिवसभर दुचाकीवर. मान आणि कंबर सगळ्यांचीच झिजते.

सार आधीच सांगून टाकते. मज्जारज्जूच्या आजारात दुखण्याचं माप धरू नका. दुखत असलं की माणूस स्वतःच ओरडतो. जिथं दुखत नाही तिथं घरच्यांनी बघायचं असतं.

नस वेगळी, मज्जारज्जू वेगळा

‘नस दबलीय’ असं आपण सरसकट म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो. मज्जारज्जू मेंदूपासून खाली येतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. त्याच्याखाली नुसता नसांचा जुडगा. कंबरेत गादी सरकून एखादी नस दबली की एका पायातून कळ जाते, माणूस कळवळतो. पण बहुतेकांची ती कळ औषध, बेताची हालचाल आणि व्यायाम यांनी ६ ते १२ आठवड्यांत ओसरते.

मज्जारज्जू मानेत किंवा छातीत दबला तर सगळं उलटं. दुखणं कमी, कधी मुळीच नाही. पण दाबाच्या खालचा कारभार बिघडतो. दोन्ही पाय जड आणि ताठ, हाताची बोटं अडखळणारी, लघवीवरचा ताबा ढिला.

दादाचं तेच झालं. वाशीच्या मार्केटात उभं आयुष्य डोक्यावर पोती वाहिली. डोक्यावरचं ओझं शेवटी मानेच्या मणक्यांवरच उतरतं. गाद्या झिजतात, हाडांना कंगोरे फुटतात, मागचा पडदा जाड होतो आणि मज्जारज्जूची वाट अरुंद होत जाते. मानेत ती वाट साधारण १७ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली की डॉक्टर तिला अरुंद म्हणतात. पंचावन्नच्या पुढच्या माणसांत मज्जारज्जू बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. ओझं न वाहिलेल्यांनाही होतं. हळूहळू होतं, म्हणून घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात.

बटणं, सुटे पैसे, चप्पल

मानेतला दाब ओळखायचा तर या तीन गोष्टींवर नजर ठेवा. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतोय का? वाण्याकडे पाकिटातून नाणी काढताना बोटं चाचपडतात का? चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं, असं होतं का? मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनचा जिना रोज सरसर उतरणारा माणूस एकाएकी कठडा धरून उतरायला लागला, तर तेही मनात टिपून ठेवा.

आणखी काही खुणा आहेत. मान पुढे झुकवली की पाठीतून विजेचा झटका उतरतो. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो. अंधारात पाय कुठं पडतो ते कळत नाही. छातीत दाब असेल तर छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. मूठ घट्ट मिटायची, पूर्ण उघडायची. धडधाकट माणूस १० सेकंदांत हे २० वेळा सहज करतो. बोटं अडकायला लागली, आकडा फारच खाली राहिला, तर मणक्याच्या डॉक्टरला दाखवा. या एकाच गोष्टीवरून रोग ठरत नाही, पण दारात जायला एवढं कारण पुरतं.

मधुमेह असला की सगळं साखरेवर ढकलू नका. साखरेनंही पाय बधिर होतात, बी-१२ कमी पडलं तरी चालण्याचा तोल जातो. बी-१२ तर रक्ततपासणीत कळतं आणि इंजेक्शनानं भरूनही निघतं. म्हणून आधी तपासा, मग नाव द्या.

या चार गोष्टींना रात्र जाऊ द्यायची नाही

पहिली: लघवी तटली, किंवा लागल्याचं कळतच नाही. दुसरी: बसायची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर. तिसरी: काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत पायातली ताकद उतरत चालली. चौथी: शौचावरचा ताबा गेला. यातलं काहीही नव्यानं झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. रात्र असली, पाऊस असला तरी. एमजीएम हॉस्पिटल कामोठ्यातच आहे, मेडिकल कॉलेजचं आहे. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा.

कंबरेखालचा नसांचा जुडगा दबला तरी याच खुणा दिसतात आणि घाई तेवढीच असते. तासांचा हिशेब असतो. लघवी एकदा पूर्ण तटून गेली की नंतर कितीही चांगलं ऑपरेशन झालं तरी ती परत ताळ्यावर येईलच असं नाही.

कॅज्युअल्टीत ‘पाठ दुखते’ एवढंच बोललात तर पाठदुखीच्याच रांगेत बसाल. कागदावर लिहून न्या: शेवटची लघवी कधी झाली, पाय कधीपासून लटपटतो, काल चालत होते का, आज चालतात का. कॅन्सर होऊन गेलाय का, टीबी होऊन गेलाय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हेही त्यातच.

आणि एक खास आमच्या वॉर्डातलं. पाय लटपटतात म्हणून पुष्कळदा फक्त कंबरेचा एमआरआय होतो. तो बऱ्यापैकी निघतो आणि माणूस घरी जातो. खरा अडसर मानेत किंवा छातीत असतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, मान आणि छातीचा मणका बघायला हवा का?’ एवढं विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

कारण कळेपर्यंत मालिश नाही

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणं आपल्याकडे चालत आलंय. नुसता पाय लागला तर बिघडत नाही. पण हाडवैद्यानं गुडघा देऊन पाठ मोडणं, सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडाकड वळवून घेणं, कुणी कंबरेवर उभं राहून तुडवणं, हे ज्याची वाट आधीच अरुंद आहे त्याला महागात पडतं. टीबीनं पोखरलेला मणका तर एका झटक्यात बसू शकतो. हातपाय जड असताना मणक्याला झटका देऊ नका आणि देऊ देऊ नका.

सायन-पनवेल रस्त्यावर अपघात बघितलात तर घाईघाईनं खांद्याखाली हात घालून ओढू नका, बसवून पाणी पाजू नका, हेल्मेट खेचून काढू नका. जागा धोक्याची नसेल तर आहे तिथंच राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, श्वास चालू आहे ना ते बघा आणि १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, धड आणि पाय एका रेषेत ठेवून, एकदम. मान न वळवता.

संध्याकाळचा ताप आणि पाठीचं दुखणं

महिनाभर पाठ दुखतेय, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय. अशा माणसाला मलम चोळत बसू नका. मणक्याचा टीबी असू शकतो. इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं १७७९ मध्ये या आजारानं पाय लुळे पडतात ते नीट मांडून ठेवलं, म्हणून आजही त्याला पॉटचा आजार म्हणतात. आपल्याकडे तो पुस्तकात राहिलेला नाही. वॉर्डात दर वेळी एखादी खाट त्याचीच असायची. खोकला नसतो, म्हणून टीबी कुणाच्या मनात येत नाही.

यात दिलाशाचीही गोष्ट आहे. वेळेत औषध सुरू झालं तर लुळे पडलेले पाय पुष्कळदा परत उभे राहतात. औषध कमीत कमी १२ महिने, काहींना १८ पर्यंत. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हा या आजारातला सगळ्यात मोठा गुन्हा.

दुसरं कारण कॅन्सर. स्तनाचा, फुप्फुसाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरतो. पूर्वी उपचार झालेल्या माणसाची पाठ नव्यानं दुखायला लागली, आडवं झाल्यावर जास्त दुखली, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, परळला मूळ हॉस्पिटल आहे. जिथं फाईल आहे तिथं त्याच दिवशी कळवा. सूज उतरवायला स्टेरॉइड, मग रेडिएशनचा शेक, काहींना ऑपरेशन. एक नियम लक्षात ठेव: उपचाराला जो पायानं चालत जातो तो बहुधा चालत राहतो. पाय गेल्यावर पोचलेल्याचं तसं होत नाही.

ऑपरेशनकडून किती मागायचं

दादाच्या मानेत मज्जारज्जूला जागा करून दिली, बस. मार बसलेला मज्जारज्जू सर्जनला बदलता येत नाही. त्यामुळे पहिली कमाई म्हणजे घसरण थांबली. पुढचं सुधारणं सहा महिने, वर्षभर चालतं. आधी पाय सुधारतील की हात, हे माणसागणिक वेगळं. पहिल्याच आठवड्यात ‘फरक काय पडला?’ म्हणून त्याला भंडावू नका. बिडी-सिगारेट मात्र कायमची बंद. त्यानं हाड जुळायला वेळ लागतो. साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते.

तारखेला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. मानेचा पट्टा किती दिवस आणि कधी कधी काढायचा? कोणती हालचाल मना आहे? काय झालं तर तुम्हाला त्याच दिवशी फोन करायचा? आणि पुढं कुणा शेजाऱ्यावर वेळ आली तर त्याला सांगा: आधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठ, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचार. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बधिर कातडीला डोळे लावा

आता घरातलं. तुमची-माझी झोपेतही कूस बदलते, कारण अंग अवघडतं. बधिर अंगाला ते कळत नाही. म्हणून जोवर दादाला स्वतः वळता येत नाही तोवर दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजर लावा, पाळ्या वाटून घ्या. खुर्चीवर बसला असेल तर दर अर्ध्या तासाच्या आत पुढं झुकून किंवा बाजूला कलून बूड मोकळं करायचं.

सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघायचे. लाल डाग दिसला आणि त्या जागेवरचा भार काढून अर्ध्या तासानंही गेला नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. त्या जागेवर भार नको आणि चोळायचंही नाही. चोळलं की आतली कातडी आणखी फाटते. मध्ये भोक असलेली गोल उशी लोक कौतुकानं आणून देतात, ती वापरू नका, कडेनं रक्त अडतं. टाचा उचलून राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली घ्या. चादरीची सुरकुती, खिशातली किल्ली, शिवणीची गाठ, सगळं तपासा.

गरम पाण्याची पिशवी बधिर जागेवर कधीच नाही. आंघोळीचं पाणी सूनबाईनं आपल्या कोपरानं बघायचं. मांडीवर चहाचा कप ठेवायचा नाही. भाजल्याचं त्याला कळणार नाही. कळेल तेव्हा फोड आलेला असेल.

लघवीचं घड्याळ

लघवीची पिशवी भरल्याचं कळत नसेल तर घड्याळानं चालायचं. डॉक्टरांनी नळी घालून काढायला शिकवलं असेल तर दर ४ ते ६ तासांनी, साबणानं हात धुऊन. एका वेळी ४००-५०० मिलिलिटरच्या वर निघत असेल तर वेळा वाढवा. ताणलेली पिशवी उलट मूत्रपिंडावर दाब देते. मापाचं भांडं ठेवा, वहीत लिहा. कायमची नळी असेल तर बाहेरची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, नळीला पीळ नको.

लघवी करवायचा त्रास नको म्हणून पाणी तोडणारे पेशंट मी पुष्कळ बघितले. त्यानं जंतू वाढतात. दिवसभर थोडं थोडं पाणी द्या, झोपायच्या आधी दोन तास कमी करा. लघवी गढूळ झाली, वास मारायला लागली, ताप आला, पाय आधीपेक्षा जास्त आखडायला लागले, तर तपासून घ्या. दुखणार नाही, हे विसरू नका.

शौचाला रोज एकच वेळ ठरवा. जेवणानंतर किंवा सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासानं आतडी आपसूक हलतात, तीच वेळ धरा. कमोडची खुर्ची आणा. भारतीय पद्धतीचं बसणं सध्या नको. भाजी, ताक, भिजवलेले मनुके, पाणी. जुलाबाची औषधं मनानं नाहीत.

मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मोठी इजा असलेल्यांसाठी एक इशारा. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल, कपाळाला घाम, तर आधी माणसाला बसतं करा, पट्टे-नाडी सैल करा, नळी तुंबलीय का बघा. रक्तदाब एकदम चढलेला असतो आणि बहुधा कारण तुंबलेली लघवी किंवा अडलेलं शौच असतं. लगेच उतरलं नाही तर हॉस्पिटल. आणि एकच पोटरी सुजली, गरम झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही चोळायचं नाही, दाखवायचं.

घर आणि घरातली माणसं

पायपुसणी आणि सतरंज्या गोळा करून ठेवा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा जळू द्या; पायांची जाणीव कमी असली की तोल डोळ्यांवर चालतो आणि अंधारात माणूस पडतो. बाथरूममध्ये भिंतीत पक्के धरायचे दांडे बसवा. नळाला आणि टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय नको. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून दादाला खुर्चीसकट उचलून खाली नेताना दोघं नाही, चौघं हवेत.

सूनबाई, हे तुला. एकटीनं त्यांना उचलायचं नाही. काखेत हात घालून ओढायचं तर मुळीच नाही. त्यांचा खांदा निखळेल आणि तुझी कंबर जाईल. आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली, मग बसतं, हा क्रम फिजिओथेरपिस्टकडून स्वतः करून शिकून घे. आणि तू रे, रात्रीची पाळी निम्मी तुझी. बापाचं करणं हे सुनेचं एकटीचं काम नाही.

दादाला कामही लावा. भाजी निवडणं, नाणी मोजणं, मूठ उघडणं-मिटणं, बटणं लावणं. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही. त्याला सांगलीच्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झालेला जवान. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहून भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक आणून दिलं. सगळ्यांनी पदकं आणावीत असं नाही. पण खाटेवर आयुष्य संपत नाही, एवढं त्यातून कळतं. सायनला पॅराप्लेजिक फाउंडेशन आहे, हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. ताकद राहिली नाहीच, तर अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढायला लाजू नका; सवलती त्यावरच मिळतात.

बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला सांग: एका पायात कळ येते ती सोसून बघितली तरी चालेल, पण बोटं अडखळली तर आठवड्यात डॉक्टर, आणि पाय सुटले किंवा लघवी तटली तर त्याच तासाला कॅज्युअल्टी. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही.